विनीचा हिस्सा

टोरांटो, सोमवार

प्रिय विनी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. हे पत्र न फोडताच चुलीत घालायचा विचार असेल, तर आधी शेवटचं पान वाच आणि मग खुशाल घाल.

शुक्रवारी मी तुझा सगळा हिस्सा माझ्या नावावर करून मागितला, तेव्हाचं तुझं बोलणं अजून कानात आहे. "कोलेट, कॉन्व्हेंटमध्येही तुझा डोळा दुसरीच्या डब्यावरच असायचा. आता अख्खी वाहिनी हवी झाली का बाईसाहेबांना?" मग तू सरळ गाडीत बसून सेंट स्टीफनला माहेरी निघून गेलीस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. स्वयंपाकाच्या आपल्या वाहिनीत शंभरातले पन्नास भाग तुझे, तीस माझे, वीस त्या अमेरिकन कंपनीचे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी प्रसारण आयोगापुढे वाहिनीच्या परवान्याची सुनावणी, आणि ऐन तोंडावर मैत्रीण म्हणते की सगळं मला दे. का, ते विचारलंस तर सांगत नाही. तुझ्या जागी मीही निघून गेले असते.

काल आपल्या कार्यक्रमाचा पहिला भाग पुन्हा पाहिला. काकवीचा ब्रेड, कॉफीच्या डब्यात घालून वाफवलेला. कॉन्व्हेंटच्या सिस्टर आन्सेल्म दर शनिवारी घेवड्याच्या दाण्यांबरोबर करायच्या तसा. डब्याला दोरी बांधतानाही तुझं तोंड अखंड चालू आहे. "आपल्या देशात थंडी फुकट मिळते, तेव्हा चूल पेटती ठेवा." आपल्या देशात. हे दोन शब्द तू प्रत्येक भागात म्हणतेस, कधी लक्षात आलंय तुझ्या?

पहिल्या सुनावणीला तू तो डबाच घेऊन गेली होतीस. अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, एका ब्रेडवर चोवीस तासांची वाहिनी चालेल?" तू म्हणालीस, "साहेब, वाफेला तीन तास लागतात. उरलेल्या एकवीस तासांचं कोलेट बघेल." सगळे हसले. आणि खरंच, मी बघत आले गं. निम्मे तास आपल्या देशातल्या कार्यक्रमांचेच हवेत ही अट होती आणि आपल्याजवळ कार्यक्रमच नव्हते, तेव्हा तोच ब्रेड दिवसातून चार वेळा दाखवला. लोक पत्रं लिहायचे, "त्या बाईंचा ब्रेड अजून शिजला नाही का?" पण बघत राहायचे. आज न्यू ब्रन्सविकच्या मच्छीमाराच्या बायकोपासून प्रेअरीच्या गवताळ मैदानावरच्या युक्रेनी आजीपर्यंत सगळ्या आपल्याकडे येऊन शिकवतात. हे तू उभं केलंस.

आता अमेरिकन कंपनीचे प्रुइट. हल्ली त्यांचा फोन रोज येतो, आवाज लोण्यासारखा. "मॅडम, परदेशी हातांत वीसच्या वर भाग चालत नाहीत, त्यामुळे आम्ही निमूट आहोत. पण परवानाच गेला, तर नवा अर्ज कुणीही इथला माणूस हाताशी धरून करू शकतो, नाही का?" या वेळी आयोगाने मालकांचे पासपोर्ट मागितले आहेत. माझा मिळाला का, हे प्रुइटांनी एकदाही विचारलं नाही. तुझा मिळाला का, हे तीनदा विचारलं. तू पासपोर्ट कधी काढलाच नाहीस. आपल्या गावच्या सीमेवरच्या पुलावर शिपायाला तुझा चेहराच पुरायचा.

विनी, आता नीट बसून वाच. सहा वर्षांपूर्वी परवान्याचा अर्ज भरायच्या दिवशी चार वाजता आयोगाची खिडकी बंद होणार होती, आणि तू तुझ्या कागदांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे देऊन ब्रेड बघायला गेलीस. त्यात तुझा जन्माचा दाखला होता, नदीपलीकडच्या अमेरिकन इस्पितळाचा. त्यात नवल नव्हतं. बर्फ पडलं की आपल्या गावच्या बायका पूल ओलांडून तिकडेच बाळंत व्हायच्या, माझा भाऊ एमिलही तिकडचाच. पण माझ्या वडिलांनी दोन वर्षांच्या आत त्याची इकडे नोंद केली होती, नाहीतर इकडचं नागरिकत्व मिळत नसे. तुझ्या डब्यात तो कागद नव्हता. नंतर तुझ्या ईडिथमावशीला आडून विचारलं. ती म्हणाली, "नोंद कसली? नदी ओलांडली होती, समुद्र नव्हे." म्हणजे कागदावर तू या देशाची नाहीस. कधीच नव्हतीस. तुझे पन्नास भागही परदेशीच धरले जातील. अर्जाच्या त्या दिवशी साडेतीन वाजले होते. तुझ्या नावापुढे 'कॅनेडियन' मी माझ्या हाताने लिहिलं, आणि तुला सांगितलं नाही. शुक्रवारीही सांगितलं नाही, कारण हिस्सा गुपचूप माझ्याकडे आला तर तुला हे कधी कळणारच नाही असं वाटलं. 'आपल्या देशात' म्हणताना तुझा आवाज अडखळावा, हे मला नको होतं. पण तुझ्यापासून लपवून तुला राखणं आता जमत नाही. आयोगाला मी सगळं लिहिलं आहे, दोष माझा एकटीचा म्हणून. ते पाकीट टेबलावर आहे. हे तुला पोचलं की येत्या शुक्रवारी पाठवेन, मग तू काहीही ठरव. सोबत तीन कागद आहेत. एक हिस्सा माझ्या नावावर करण्याचा, त्यावर तुझी सही हवी. दुसऱ्यावर माझी सही झाली आहे, वकिलासमोर: तू नागरिकत्वाची शपथ घेशील त्याच दिवशी सगळा हिस्सा परत तुझा. तिसरा नागरिकत्वाचा अर्ज. तो मी भरला आहे, फक्त जन्मस्थळाची ओळ कोरी ठेवली. ती या वेळी तू तुझ्या हाताने लिही.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
कोलेट