करावेच्या बांधावरची फेरी

आई, मला रत्नागिरीला जायला जमेल का, असं ऑफिसात विचारलं आहे. वरची जागा आहे, दोन वर्षांसाठी. लेक दहावीत आहे, तिच्या बाबांना चहापलीकडे काही करता येत नाही, आणि चार दिवस मी घरात नुसती भिरभिरते आहे. कपाट आवरायला काढते आणि अर्ध्यावर उठते. दूध गॅसवर ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहते. लेक काल म्हणाली, "आई, तू एका जागी बस ना, मला तुझ्याकडे बघूनच टेन्शन येतं." बसले, तर तुझी ती सायकल आठवली. दिवाळीच्या सुट्टीतली.

वाशीला येऊन आपल्याला वर्षही झालं नव्हतं. इमारती नव्या, झाडं गुडघ्याएवढी, आणि रस्ते इतके मोकळे की हाक मारली तर लांब जायची. खालच्या मजल्यावर नर्समावशी राहायची, तुझी इथली पहिली मैत्रीण. पाडव्यानंतरच्या एका सकाळी तू बाबांना म्हणालीस, "आम्ही जरा खाडीकडे फिरून येतो." मावशीच्या दवाखान्याची लेडीज सायकल तू घेतलीस, मावशीने शेजारच्या कॉलेजातल्या मुलीची मागून आणली. मागच्या कॅरिअरवर जुन्या गोधडीची घडी, तिच्यावर मी. "पाय फाकवून बस, चाकात गेला तर तुझ्या बाबांना काय तोंड दाखवू?" हे तू निघताना म्हणालीस आणि मग वाटभर दर थोड्या वेळाने, मागे न वळता, "पाय?" एवढंच विचारत राहिलीस.

ती सहल नव्हती, हे मला तेव्हा कुठे माहीत. खाडीकाठच्या गावांमधून बालवाड्या सुरू होणार होत्या आणि त्या गावोगाव फिरून बघायला एक बाई हवी होती. बस तिकडे जात नव्हती, सायकल चालवणारी बाईच हवी होती. तू लग्नाआधी माहेरी चालवली होतीस, त्यानंतर कधीच नाही. बाबांना सांगण्याआधी तुला स्वतःलाच बघायचं होतं, की एवढी वाट आपल्याच्याने होते का. हे मावशीने मला सांगितलं ते फार उशिरा. मी कॉलेजात असताना तू गेलीस, तेव्हा तुझ्या दिवसांना ती आली होती. तोवर माझ्या लेखी ती फक्त मजेची फेरी होती, आणि मला तिच्यात मजा आली नव्हती.

सुरुवातीला आली होती. आपण नेरूळच्या बाजूला निघालो आहोत, डावीकडे डोंगर, उजवीकडे मिठागरं, मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांना टोचताहेत. मावशी पुढे जाते, थांबते, आपल्याला गाठू देते. "काय गं, सर्कशीत नाव घालायचं का तुझं?" ती विचारते, कारण तुझं हँडल अजून डुगडुगतं आहे. तू हसतेस. तुझ्या पाठीला गाल लावून मी ते हसू ऐकते, आतून येणारं. घरी तू अशी हसत नव्हतीस, हे त्या वयातही माझ्या लक्षात आलं, आणि तिथूनच मला कसंतरी व्हायला लागलं. "घरी कधी जायचं?" मी विचारलं. बहुतेक दर वळणावर विचारलं.

करावे गावाच्या अलीकडे वाट मातीच्या बांधावर चढते. एका बाजूला खाडी, दुसरीकडे कापायला आलेलं भात. आपण वाशीकर घड्याळ बघून निघालो होतो, भरती कुणी बघितलीच नव्हती. पुढे बांध एका जागी खचलेला, आणि त्यावरून पाणी सरसर आत येत होतं. कोलंबीची पाटी घेतलेली एक बाई समोरून, साडी वर खोचून, त्यातूनच चालत आली. "पोरीला घेऊन कुठं चालल्या गो? पानी चढतंय."

"फिरायला," मावशी म्हणाली.

"हितं?" ती बाई हसली. "फिरायला काय हाय हितं?"

मावशी तुला म्हणाली, "चल, मागे फिरू. सुट्टी आहे, कुणी मागे लागलंय का?"

तू पाण्याकडे बघत होतीस. "मी एकटी पुढे जाऊन येते. ही बसेल तुझ्याजवळ."

"अगं, फिरायला आलो ना आपण?"

"फिरूनच येते."

तू मला उतरवलंस. चपला हँडलला अडकवल्यास, पाण्यातून सायकल ढकलत नेलीस, पलीकडे बसलीस आणि गेलीस. मी हाक मारली. तू वळली नाहीस. पुन्हा मारली. पोपटी साडी बांधाच्या वळणापाशी लहान झाली आणि दिसेनाशी झाली. मावशीने डबा उघडून चिवडा पुढे केला. मी खाल्ला नाही. बांधावर इकडून तिकडे चालत राहिले. "आई कुठे कुवेतला नाही गेली," मावशी म्हणाली. "नाहीच आली तर तू माझी. मला तरी कुठे मुलगी आहे?" मला हसवायला म्हणाली असेल. मी रडायला लागले.

तू आलीस तेव्हा एका बाजूने चिखलाने माखली होतीस.

"पडलीस?"

"एकदा."

"मग?"

"मग काय, उठले." आणि लगेच, "गाव दिसलं. देवळाच्या पडवीत पोरं बसवता येतील." तुझा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल होता आणि तू माझ्याशी नाही, मावशीशी बोलत होतीस. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कशी झाली फेरी?" तू म्हणालीस, "हवा छान होती." महिन्याभरात तू कामावर जायला लागलीस. बाबा काही दिवस बोलले, मग गप्प झाले.

तू वळून बघितलं नाहीस, याचा राग मी किती वर्षं धरला, कुणाला सांगितलं तर हसतील. मग गेल्या रविवारी लेकीने हट्टाने मला खाडीकाठच्या त्या नव्या रस्त्यावर सायकलवर बसवलं. ती मागे उभी आहे ना, हे बघायला मी मान वळवली, आणि त्याच क्षणी हँडल वळलं. रस्ता रुंद होता म्हणून निभावलं. बांध केवढा होता, आई? दीड हात?

नाही, एवढ्याने सगळं मिटलं असं म्हणणार नाही. तुला वळता आलं असतं तर तू वळली असतीस का, हे मला माहीत नाही, आणि आता ते विचारायला तू नाहीस. घरात मी "विचार करते आहे" असं सांगितलं आहे. लेक अभ्यास सोडून मध्येच येऊन विचारते, "ठरलं का?" मी म्हणते, बघू.

हे पत्र मी रात्रीच्या आत फाडणार आहे, लेकीच्या हाती लागायला नको. साहेबांनी विचारलं त्याच मिनिटाला मी हो म्हणून आले, आणि म्हणताना ती मला आठवलीसुद्धा नाही.