अस्वल आणि भाकरी फाटकापाशी

११ जानेवारी
भोसरीच्या एका खोलीत संसार काढल्यावर खराबवाडीचं हे भाड्याचं घर म्हणजे राजवाडाच. स्वतःचं फाटक, अंगण, पेरूचं झाड! आज निरंजन तळेगावहून दोन पिल्लं घेऊन आला. कांगल जातीची. तुर्कस्तानात म्हणे मेंढरं राखतात, लांडग्याला मागे सारतात. जेमतेम दोन महिन्यांची, पण पंजे वाटीएवढे. निशूने काळ्या तोंडाच्याला नाव ठेवलं अस्वल आणि पिवळ्या मादीला भाकरी. मी कुरकुरले, घरात पहिलीतली पोर आणि ही एवढी जनावरं! निरंजन हसला. म्हणाला, मी शिफ्टला गेलो की तुम्ही दोघी एकट्या, म्हणूनच तर आणलीत, वर्षाली.

२२ मार्च
दहीभात, नाचणी, कोंबडीचे पाय, काहीही पुरत नाही. भाकरीने माझी चप्पल खाल्ली आणि अपराधी तोंड करून माझ्याच पायावर झोपली. दुपारी निशू त्यांच्या मधे लोळते. चारच्या सुमारास कंपनीची बस हायवेला थांबली की दोघं फाटकाकडे सुसाट. निरंजन आत येतो तोच त्याला आडवं पाडतात. शर्टाला ऑइलचा वास, त्यावर लाळ. धुऊन धुऊन हात दुखतात माझे. तक्रार नाही.

१४ जून
घरमालकीण कौशल्याबाई आज अंगणात बसल्या होत्या. म्हणाल्या, आमच्या मेंढरांमागं बी अशीच कुत्री व्हती बाई. घरातलं कोण नि भायेरचं कोण, त्यांना सांगावं लागत न्हाई.
अस्वल आता निशूच्या खांद्याला लागतो.

३० ऑगस्ट
बसमधून उतरून रस्ता ओलांडताना निरंजनला कंटेनरने उडवलं. त्याला जाऊन बारा दिवस झाले. आज पहिल्यांदा लिहितेय.
त्याला अंगणात ठेवलं तेव्हा भाकरी त्याचे पाय चाटत राहिली. मग थांबली, हुंगलं, आणि मान खाली घालून बाजूला जाऊन बसली. तिला माझ्याआधी कळलं.

९ सप्टेंबर
चार वाजता फाटकाबाहेर निरंजन उभा होता.
लख्ख ऊन होतं. कंपनीचा शर्ट, इस्त्रीची घडी तशीच. मी पायरीवरच बसले. अस्वल-भाकरी धावली नाहीत. खांद्याला खांदा लावून फाटकाआड उभी राहिली. भुंकली नाहीत, नुसते दात. तो एवढंच म्हणाला, कुत्री बांध.

११ सप्टेंबर
पुन्हा. निशू बाबा बाबा करत धावली. अस्वलाने तिचा फ्रॉक दातात धरून मागे ओढलं. मी अस्वलावर ओरडले. निशू रडून रडून झोपली. मीही.

१२ सप्टेंबर
कौशल्याबाईंना मुद्दाम चारला बोलावलं. फाटकाकडे पाहून त्या दोन पावलं पुढे गेल्या. मी विचारलं, निरंजनच ना? त्या म्हणाल्या, न्हाई गं. माझा ल्योक दौलत हाय. इहिरीत गेलेला माझा दौलत.
जाताना माझे हात घट्ट धरून म्हणाल्या, कुत्री बांधू नको.

१५ सप्टेंबर
सकाळी अस्वल फाटकापाशी मरून पडलेला. अंगावर ओरखडाही नाही. डोळे उघडे, तोंड रस्त्याकडे. निशूने त्याच्यावर तिची गोधडी घातली.
भाकरी त्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली. खात नाही. पाणीही—

१७ सप्टेंबर
मला कळतं. तो निरंजन नाही. मला सगळं कळतं.
पण आवाज त्याचाच आहे. उभं राहायची ढबही. एकदाच त्याचा हात हातात—

१८ सप्टेंबर
भाकरीला मागच्या मोरीत साखळीने बांधलं. तिने प्रतिकार केला नाही. माझा हात चाटला.

तो आत आलाय. बाहेरच्या खोलीत बसलाय, निशू त्याच्या मांडीवर. मी स्वयंपाकघरात. चहा ठेवलाय. उकळेपर्यंत लिहितेय.
भाकरी साखळीला धडका देतेय. कधी ऐकला नाही असा आवाज काढतेय—

आत्ता त्याने हाक मारून मला विचारलं, या पोरीचं नाव काय?

निशू, खाली उतर. निशू, इकडे ये, माझ्याक—