सातव्या महिन्यातलं ऊन

वरवट बकाल
१६ एप्रिल २०२४

तीर्थरूप आईस,
धम्मशीलाचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुले ऐकू येत नाही, अन् मी ओरडली की सारी गल्ली माह्या तब्येतीची चौकशी कराले येते. म्हणून भागवतदादाच्या जीपमधून चिठ्ठी धाडून राह्यली. तो सोनाळ्याले रोजच येते, त्याच्याच हाती उत्तर देजो.

मले सातवा लागला. परवा जयंतीच्या मिरवणुकीत कोणी जाऊ देलं नाही. सासूबाई म्हणाल्या की निळं लुगडं नेसून दारात उभी राह्य, बाबासाहेबांले तेवढं समजते. हसू आलं, पण दारातही चक्कर आली अन् मी खालीच बसली. आई, आमच्या छताचे टिनं सकाळपासूनच तापतात. दुपारी ओलं लुगडं अंगावर घेऊन जमिनीवर पडते, तर ते पाहता पाहता सुकून जाते. हे शेगावले हॉटेलात कामाले, आठवड्यातून एकडाव येतात.

खरं सांगू? मले भेव वाटते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या रेणुकाचं लेकरू पोटातच गेलं. ती कांदे काढाले जात होती, मी तर घरातच हाये, असं मी मनाले समजावते. पण घर कुठं थंड हाये? बाळ दुपारभर चूप राह्यते. संध्याकाळी हवा सुटली की लाता मारते, मंग माह्या जिवात जीव येते. काय करू ते लिहिजो.

तुह्या मायेवर हक्क सांगणारी,
धम्मशीला


सोनाळा
१७ एप्रिल २०२४

चि. धम्मशीलास,
आई चांगुणाचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

काऊन अशी भेतं वं? तुह्या वक्ताले मी आठव्या महिन्यापर्यंत वावरात निंदाले जात होती. पण तवा ऊन असं नव्हतं, हे मले कबूल हाये. आता इथं सातपुड्याच्या पायथ्यालेही वारा नाही, नुसती वाफ येते. संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळून राह्यली बाप्पा!

आता उपाय ऐक. उन्हात राबणाऱ्या बाईले माही माय जे देत होती तेच सांगते. तांब्याभर पाण्यात साखर, अर्धं लिंबू अन् चांगलं चिमूटभर मीठ. घामावाटे अंगातलं मीठ जाते, ते भरून काढा लागते. सकाळ, दुपार, सांज, न चुकता पेजो. भागवतच्या हाती मुगाचे पापड अन् लिंबाचं लोणचं धाडलं, जेवताना घेत जाय. पायावर सूज आली तर घाबरू नको. तुह्या वक्ताले माह्या पायात चप्पल जात नव्हती, तरी तू कशी टणक निघाली! तुह्या जिभेचं तर काही इचारूच नको.

विहीणबाईले जयभीम सांगजो. जावयाले म्हणा, हॉटेलातल्या दुसऱ्यांच्या ताटांकडं पाहता, तसं घरच्या ताटाकडंही पाहत जा.

तुह्या वाटेकडं डोळे लावून,
तुही आई


वरवट बकाल
९ मे २०२४

तीर्थरूप आईस,
सप्रेम जयभीम.

तू सांगितलेलं पाणी रोज पेत हाये. एकही दिवस चुकली नाही. सासूबाई स्वतः ढवळून देतात अन् चव लागत नाही म्हणून आणखी एक चिमूट टाकतात. पण आई, पायाची सूज हातावर आली, आता तोंडावरही आली. अंगठी साबण लावूनही निघत नाही. डोकं ठणकते अन् डोळ्यापुढं काजवे चमकतात.

काल गावच्या आशा सेविकेनं, करिष्माताईनं, दवाखान्यात नेलं. बीपी लय वाढलं. डॉक्टरबाईनं इचारलं, पाणी कोणतं पेतं, खातं काय. मी सारं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या बोअरचं पाणी आधीच खारट, त्यात तू वरून मीठ टाकून पेतं? पापड, लोणचं, सारं बंद. गोळ्या देल्या. तरी बीपी उतरलं नाही तर अकोल्याले नेऊन बाळ वक्ताच्या आधी काढा लागेन म्हणतात. हे कोणी सांगितलं, असंही इचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, माह्याच मनानं केलं. तुह्यावर कोणी बोट ठेवलेलं मले चालणार नाही.

बाळ आता संध्याकाळीही कमी हालते. आई, मले लय भेव वाटते.

तुहीच,
धम्मशीला


सोनाळा
९ मे, संध्याकाळ

माह्या लेकरा,

मायबाई, मी हे काय करून बसली! आपल्या विहिरीचं पाणी गोडं अन् तुमच्याकडचं खारं, हे मले माहीत नव्हतं का? सोयरीक जुळली तवा मीच तर नाक मुरडलं होतं की पोरगी खारपाणपट्ट्यात जाते. अन् उपाय सांगताना डोक्यात माह्याच विहिरीचं पाणी होतं. तुह्या तांब्यात कोणतं पाणी पडते, याचा इचारच केला नाही.

भागवतच्या हाती गोड्या पाण्याच्या दोन कॅन धाडल्या. रोज धाडीन. तेच पेजो, त्यातच स्वयंपाक कर. डॉक्टरबाईले माहं नाव सांगून टाक, काही लपवू नको. डोकं पुन्हा ठणकलं तर जावयाची वाट पाहू नको, निघून जाय दवाखान्यात. विहारात तुह्यासाठी रोज दिवा लावून राह्यली, पण दिव्यावर भरवसा ठेवून बसू नको.

बाळ हाललं का, तेवढंच लिही. दोन अक्षरं लिही.

तुही आई


अकोला
२५ मे २०२४

विहीणबाई चांगुणाबाईंस,
महामायाचा सप्रेम जयभीम.

पयले तेच सांगते, दोघी जित्या हाये. तुमच्या जावयानं, प्रसेनजितनं, भागवतले फोनवर तेवढं सांगितलंच होतं, पण माह्या हातचं वाचल्याशिवाय तुमचा इश्वास बसणार नाही.

बुद्धपौर्णिमेले तुमच्याच गोड्या पाण्यात खीर शिजवली होती. दुपारी सूनबाई म्हणाली की सारं पिवळं दिसते, अन् तिथंच झटके सुरू झाले. दात असे आवळले की मी दारात जाऊन गाडीसाठी ओरडली. गाडीतून इथं आणलं, ऑपरेशन झालं. पोरगी हाये. माह्या पंज्यापासून कोपरापर्यंतही पुरत नाही. सूनबाईनं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले, अन् लेकराचं इचाराच्या आधी इचारलं काय, तर माह्या आईले कोणी बोललं तर नाही ना.

विहीणबाई, मी डॉक्टरले सारं सांगितलं. ते म्हणाले, नुसत्या मिठानं असं होत नाही, खारं पाणी, ऊन, अंगात रक्त कमी, सारं मिळून होते. म्हणून तुम्ही एकट्यानं डोक्यावर घेऊ नका. दुसरी चिमूट माही होती.

आता खरी गोष्ट लिहिते. पोरगी काचेच्या पेटीत हाये. नर्सबाई म्हणाली, ही पेटी लेकराले मायच्या पोटासारखी ऊब देते. मी इचारलं, किती? तिनं आकडा दाखवला. अवं, बाहेर त्याच्याहून दहा अंश जास्त हाये! थोड्या दिवसांनी पोरीले घरी न्या म्हणतात, फक्त तापलेल्या खोलीत ठेवू नका. रिवाजानं बाळंतीण माहेरी जाते, मी आडवी येत नाही. पण तुमच्याकडंही वाफच येते, अन् आमचे टिनं तर तुम्ही पाह्यलेच हाये. या पोरीले घेऊन कोणत्या घरी जायचं, ते तुम्ही सांगा. मले तर एकही घर सुचत नाही.

दोघींच्या एकाच नातीची दुसरी आजी,
महामाया