किल्ली, कपाट आणि हिरव्या पुस्तकाची रांग

मी, खाली सही करणारा, पेशाने वर्तमानपत्राचा बातमीदार, भाडेकरू संघटनेचा विद्यमान अध्यक्ष, वयाने पन्नाशी ओलांडलेला, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल माझ्या धाकट्या बहिणीचं मत वेगळं आहे. ते तिने स्वतंत्र कागदावर नोंदवावं. माझ्या हृदयाबद्दल मात्र तिचं आणि डॉक्टरांचं एकमत असल्याने हा दस्त आजच करतो आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही; तसा प्रसंग आला नव्हता.

कलम १. छापखान्यावरच्या ज्या दोन खोल्यांत मी राहतो, त्या भाड्याच्या आहेत. भाडेकरूंच्या पुढाऱ्याने घर विकत घेणं म्हणजे वदतोव्याघात. सबब, स्थावर मालमत्ता नाही. खोल्यांचा भाडेहक्क आणि बँकेत जे काही असेल ते बहिणीला. घरमालकाने जिन्यात दिवा लावून देण्याचा शब्द दिला होता. तो लागेपर्यंत मी त्याला क्षमा केली आहे असं कोणीही समजू नये, त्याने तर मुळीच नाही.

कलम २. माझं टंकलेखन यंत्र संपादकांना द्यावं. त्यावर ‘र’ उमटत नाही, त्यामुळे माझ्या कित्येक बातम्यांत सरकारचं ‘सका’ झालं. संपादकांनी माझ्या मजकुरातून याहून बरंच काही गाळलेलं असल्याने त्यांना हे यंत्र परकं वाटणार नाही.

कलम ३. छत्री खजिनदारांना. ती मुळात त्यांचीच आहे.

कलम ४. आता ज्या कलमासाठी कार्यकारिणीचे डोळे या कागदाकडे लागले आहेत ते. आमच्या संघटनेत जाणारा अध्यक्ष येणाऱ्याचं नाव मृत्युपत्रात लिहितो आणि त्याला कचेरीतल्या कपाटाची पितळी किल्ली देतो. संस्थापकांनी, ज्यांना आम्ही थोरले म्हणत असू, मला असंच नेमलं. कपाट काचेच्या दारांचं. त्यात थोरल्यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तकं आहेत, खास तरुणांनी वाचावीत म्हणून. ती आम्ही तरुणांसाठी इतकी जपली की त्यांच्या हाती लागू दिली नाहीत. शिवाय ‘तरुणांनी वाचावं’ हा ठराव दर अधिवेशनात एकमताने मंजूर करत आलो.

माझ्या आजारपणाची बातमी पसरली तेव्हा माझा भाचा, म्हणजे बहिणीचा मुलगा, ‘मामा, किल्ली द्या’ असा जप करू लागला. भाचा गादीवर बसायला निघाला, अशी कार्यकारिणीत कुजबुज झाली. मलाही तसंच वाटलं. मी किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात, थेट आजारी हृदयावर ठेवू लागलो.

काल वारसाचा विचार करायला सभा भरली. खजिनदारांनी चष्मा पुसून नेहमीचं सुरू केलं, की हल्लीच्या पोरांना वाचायला नको, अशांच्या हाती संघटना द्यायची कशी. त्यांनी कपाटाकडे बोट केलं आणि मधल्या फळीवरचं जाडजूड हिरवं पुस्तक दाखवून विचारलं, ते तरी कोणी उघडलंय का?

मागच्या बाकावरून सुताराची लेक उठली. ती स्वतःही सुतारकाम करते.

“काका, हिरवं माझ्या पिशवीत आहे,” ती म्हणाली. “कपाटात दिसतंय ते नुसतं वेष्टण. आत रद्दी भरलीय.”

तिने खिशातून पेचकस काढला, दोन्हीकडच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दोन्ही दारं एकत्रच उचलून भिंतीला टेकवली. कुलूप बंदच होतं. बिजागऱ्या बाहेरून आहेत, हे कुलूप सांभाळणाऱ्या आम्हा दोन अध्यक्षांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. फळीवरची सगळी पुस्तकं नुसती वेष्टणं निघाली. वेष्टणांत कोंबलेली रद्दी मी ओळखली. माझ्याच बातम्या होत्या. त्या इतकी वर्षं ताठ उभ्या राहिलेल्या मी प्रथमच पाहिल्या.

तरुणांपैकी एकेक जण उठून सांगू लागला, कोणतं पुस्तक कोणाकडे आहे. मग तिने हिरवं उघडलं आणि वाचायला लागली: ज्या संघटनेला एकाच माणसाचा आवाज ओळखू येतो, ती त्या माणसाबरोबर मुकी होते. भाचा उभा राहिला. मला वाटलं, आता हा भाषण ठोकणार. तो म्हणाला, “पुढचं प्रकरण वाच. तिथे लेखक स्वतःच हे खोडून काढतो.” ती म्हणाली, खोडत नाही, मर्यादा घालतो. तिसरा म्हणाला, दोघंही घाईत आहात. पुस्तक या हातातून त्या हातात गेलं. कोणी आवाज चढवला नाही. जो चुकला तो ‘बरं’ म्हणाला. हा शब्द मी त्या खोलीत, अध्यक्षपदाच्या अख्ख्या कारकिर्दीत, ऐकला नव्हता. कचेरीही माझ्या खोल्यांसारखी छापखान्यावरच आहे; खाली यंत्र थांबलेलं आम्हाला कळलं नाही. छपाईचे खिळे जुळवणारे कामगार जिन्यात येऊन ऐकत उभे होते. मी शास्त्रार्थ, म्हणजे वाद घालून अर्थ ठरवणं, शिकलो आहे, घोकलाही आहे. घडताना पाहिला तो काल. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचा हृदयाच्या दुखण्याशी काही संबंध नव्हता.

सभा संपल्यावर मी भाच्याला बाजूला घेऊन विचारलं, दार असं उघडत होतं तर किल्ली कशाला हवी होती?

“सारखे काढून-लावून स्क्रू ढिले झालेत, मामा,” तो म्हणाला. “पुन्हा बसवलं तर दार एक दिवस कोणाच्या तरी अंगावर पडेल. बहुतेक तुमच्याच. तुम्हीच सारखे त्याच्यासमोर उभे असता.”

सबब, वारसाच्या नावासाठी राखलेली जागा मी कोरी सोडतो. ती सभेने भरावी, आणि पुन्हा कोणत्याही मृत्युपत्रात अशी जागा राखू नये. किल्ली भाच्याला, तिचं काय करायचं ते त्याला ठाऊक आहे. कपाटाची दारं सुताराच्या लेकीला. तिने त्यांची वाचायला बसण्याजोगी टेबलं करावीत. माझ्या शोकसभेत भाषणं नकोत. कोणीतरी वाचावं आणि कोणीतरी ते अमान्य करावं.

कलम ५. काल सगळे पांगल्यावर खजिनदार त्या मुलीजवळ घुटमळले. हिरवं कधी मिळेल, असं त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं. ती म्हणाली, “रांग आहे, काका. तुमचं नाव घालू?” ते म्हणाले, घाल. त्यांच्यामागे मी माझं नाव घातलं. त्यांना एक पान वाचायला किती वेळ लागतो हे मला पुरतं ठाऊक आहे. तरीही जाहीर करतो की रांगेतली ही जागा माझी जंगम मालमत्ता असून ती मी कोणालाही देत नाही, मरणोत्तरही नाही. डॉक्टरांनी याची नोंद घेऊन औषध त्या बेताने द्यावं.

या दस्ताची अंमलबजावणी बहिणीने करावी. खजिनदारांना साक्षीदार व्हायचं होतं. पण छत्री घेणाऱ्याने सही करणं बरं दिसणार नाही.

वाचून, समजून, खाडाखोड न करता सही केली.

लिहून देणार: बातमीदार (सही)

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही, खाली त्यांच्या हातची ओळ: ‘कलम पाच वाचलं. प्रयत्न करतो.’)
२. छापखान्याचे मालक (सही)

ठिकाण: संघटनेची कचेरी, दार नसलेल्या कपाटासमोर
दिनांक: सभेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार