फ्रॉकमधला पाहुणा

टॅम्पिनीस, सिंगापूर

ती. सुलेखाताईस,

हेमचंद्रचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली साष्टांग कागदावरच जमतो.) तुझी कंबर आता कशी आहे? मिरजेत थंडी पडली असेल. इथे बाराही महिने घाम.

तुझा पोपटी फ्रॉक आठवतो का, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण पन्नास वर्षं तू तो कुणाला विसरू दिलेला नाहीस. आपल्या घरामागच्या मैदानात सर्कस उतरली होती. चिंपांझीच्या पिल्लाचे कपडे फाटले म्हणून त्याचा मास्तर दारात आला आणि आईने सरळ तुझा दिवाळीचा फ्रॉक काढून दिला. (तू जेवण सोडलंस. चिवड्याचा डबा मात्र रिकामा होत होता, ते मी पाहिलं होतं.) मग आप्पांनी ओसरीवर फोटो काढला. आईच्या मांडीवर फ्रॉक घातलेलं ते पिल्लू, सगळे दात दाखवत, शेजारी मी, आणि कडेला तोंड फुगवून तू. आई मनापासून हसतेय असा आपल्याकडे तेवढा एकच फोटो. तो माझ्या हॉलमध्ये असतो. आलेल्या प्रत्येकाला मी त्याच्यासमोर उभं करतो, आणि नेमकं तेव्हाच आमच्या सौ. मधुवंतीला स्वयंपाकघरात काम निघतं.

आता आमची ऋता. नोकरी सांभाळून ती चिंपांझी वाचवणाऱ्या एका संस्थेचं काम करते. आफ्रिकेत जंगलं तुटतात, शिकार होते, पिल्लं चोरून विकली जातात, हे मला रोज जेवताना कळतं. गेल्या रविवारी बेडोकला त्यांचा स्टॉल होता. आपलाही हातभार लागावा म्हणून मी हा फोटो पिशवीतून नेला आणि ऋता पाणी आणायला गेल्यावर मधोमध मांडला, बरोबर ‘चिंपांझी म्हणजे खेळणं नव्हे’ या फलकाखाली. ताई, काय गर्दी जमली म्हणून सांगू. लोक फोटोचे फोटो काढत होते. एका आजींनी असं पिल्लू कुठे मिळेल म्हणून विचारलं, आणि मी त्यांना मिरजेपासून सगळी हकिगत सांगत बसलो. ऋता परत आली. तिने आधी फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

ती ओरडली नाही. परतताना एमआरटीच्या गाडीत, इथल्या लोकांसारखं शेवटी ‘लाह’ लावून, एवढंच म्हणाली, “बाबा, दॅट्स नॉट अ स्माइल लाह. असे दात दिसतात तेव्हा तो घाबरलेला असतो.” आणि एवढं लहान पिल्लू आईला मारल्याशिवाय सहसा हाती लागत नाही, हेही सांगितलं. आमचं टॅम्पिनीस स्टेशन मागे पडून पासिर रिस आलं, तरी दोघांना कळलं नाही.

फार वाईट वाटलं गं. तो आनंदाचा दिवस म्हणून मी जन्मभर जपला. तो होताही आनंदाचा, पण फक्त आपला. घरी येऊन फोटो कपाटात ठेवला, तर आईलाच कोंडल्यासारखं वाटलं. मग कात्री घेतली. पण पिल्लाला वगळायचं तर आईचा हात कापावा लागतो, तिने त्याला इतकं घट्ट धरलंय. शेवटी ऋतानेच कात्री काढून घेतली.

दाजींना नमस्कार. कंबरेला जप.

तुझा,
हेमचंद्र

ता. क. तुझ्या सुनेने, अनुयाने, तोच फोटो ‘सो क्यूट’ लिहून फेसबुकवर टाकलाय. तो काढायला सांग. असे फोटो पाहूनच लोकांना पिल्लू पाळावंसं वाटतं. (मी सांगितलं तर मामांचा उपदेश होईल.)

आणखी ता. क. खरं तर पत्र यासाठीच. फोटोच्या मागे आप्पांनी आपल्या तिघांची नावं लिहिलीत, पिल्लाचं नाही. ऋता म्हणते, फोटो भिंतीवर राहू दे, पण खाली त्याची खरी गोष्ट लिहू, नावासकट. मास्तर त्याला काहीतरी नावाने हाक मारायचा, मला काही केल्या आठवत नाही. तुझा त्याच्यावर राग होता, म्हणजे तुला नक्की आठवत असेल.