उपविजेता कोरलेला टोप

बाबा, मी आज तुझ्यावर रागावून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. सासरी सगळे आपापल्या वडलांना अहो-जाहो करतात. मी तुला कधी केलं नाही आणि आज तर मुळीच करणार नाही. दुपारचे डबे गेले, ओटा पुसून झाला, तुझा नातू प्रॅक्टिसला गेलाय. संध्याकाळी तो चहाला परत येईल तेव्हा मला त्याला एक उत्तर द्यायचं आहे. खरं तर ते तू द्यायला हवं होतंस, कारण हा सगळा घोळ तुझाच आहे. पण तू निघून गेलास केव्हाचा, तो सहावी-सातवीत असतानाच, आणि मागे जे ठेवायचं ते बरोबर त्याच्या डोक्यात ठेवून गेलास.

तुला आताची कबड्डी माहीत नाही, म्हणून नीट सांगते. माती गेली, आता मॅटवर खेळतात. अंगाला खरचटत नाही, पण गुडघे जातात. पोरांचा लिलाव होतो, हो, तू वाचतोयस ते बरोबर आहे, बोली लागते आणि जो मालक घेईल त्याच्या गावाचं नाव छातीवर लावून पोरं खेळतात. सगळं टीव्हीवर. चढाईला रेड म्हणतात, आणि डावा कोपरा म्हटलं तर कोणी वळूनही बघत नाही, लेफ्ट कॉर्नर म्हणावं लागतं. तुझा नातू लेफ्ट कॉर्नर. तू त्याला ज्या जागेवर उभा केला होतास, तिथेच आहे तो अजून.

यंदाच्या मोसमात त्याचा संघ सुरुवातीला असा काही हरला की विचारू नकोस. एकामागून एक. पोरगा बाकावर बसून टाळ्या वाजवत होता आणि मी इथे पोळ्या लाटता लाटता त्याच्या कोचचा उद्धार करत होते. मग त्यांच्या नावाजलेल्या कॉर्नरचा गुडघा गेला आणि नाइलाजाने याला उतरवलं. पहिल्याच सामन्यात त्याने समोरच्यांच्या सगळ्यात महागड्या खेळाडूचा घोटा धरला आणि सोडलाच नाही. ती पकड बघून मी ओळखलं, हा हात तुझा आहे. तिथून संघ जो उठला तो तळातून वर वर येत गेला. साखळीतला शेवटचा सामना जिंकला तरच प्लेऑफ, असं होतं, तोही जिंकले. प्लेऑफमधला पहिलाही जिंकले. आमच्या सोसायटीने गेटवर मोठा फ्लेक्स लावला. त्यात हा कोपऱ्यात एवढासा, आणि बाकी सगळ्या जागेत हात जोडलेले इच्छुक उमेदवार. पण मला त्याचाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

सेमीफायनलच्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी, त्यांची पाहुणेमंडळी, खालच्या किराणावाल्याची माणसंसुद्धा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, सगळ्यांच्या पाठीमागे, सकाळच्या डब्यांसाठी कणीक भिजवत. शेवटची चढाई आली तेव्हा गुण बरोबरीत होते. समोरचा रिकाम्या हाताने परत गेला असता, तर जादा चढाया मिळणार होत्या आणि जादा चढायांसाठी आमच्याकडे ताज्या दमाचा गडी बसून होता. समोरचा आला, इकडे नाचला, तिकडे नाचला. तुझा नातू खाली झेपावला, घोटा निसटला आणि तो गडी उडी मारून मध्यरेषेपलीकडे गेला. पंचांनी हात हलवला, काही नाही, रिकामी चढाई. हॉलमध्ये आरडाओरडा झाला. समोरच्या संघाकडे दाद मागायची संधीसुद्धा उरलेली नव्हती, ती त्यांनी आधीच वापरून टाकली होती. सामना वाचला होता, बाबा. आणि तुझा नातू मॅटवरून उठला, गुडघ्यावर बसला आणि त्याने हात वर केला. स्पर्श लागला, मी बाद, म्हणून. मग उठून स्वतःच्या पायाने बाहेर गेला. एका गुणाने हरले.

त्यानंतर टीव्हीवाल्यांनी ते इतक्या वेळा हळूहळू करून दाखवलं की बघवेना. दिसत होतं, त्याचं मधलं बोट त्या गड्याच्या टाचेला घासलं होतं. म्हणजे तो खरंच बोलला होता. पण त्याचं कुणाला काय? दोन दिवसांत फ्लेक्स उतरला आणि त्या जागी दाताच्या दवाखान्याचं उद्घाटन लागलं. सोसायटीच्या ग्रुपवर ज्यांनी कधी आयुष्यात लंगडीसुद्धा खेळली नाही, ते पोराला अक्कल शिकवत होते. लिफ्टमध्ये एक बाई मला म्हणाल्या, तुमच्या मुलाला कुणी विचारलं होतं का हो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जी माणसं महिनाभर माझ्या दारात पेढे मागत होती, त्यांना आता त्याच्याशी नजर मिळवायला लाज वाटते. लाज त्याने काय केलं त्याची नाही, आपण हरलेल्याच्या शेजारी राहतो त्याची.

आणि परवा त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. पोराने स्पीकरवर ठेवला होता म्हणून मी ऐकला. माणूस गोड बोलत होता. म्हणाला, मालक नाराज आहेत, पुढच्या मोसमासाठी कुणाला ठेवायचं ते दोन-तीन दिवसांत ठरणार आहे. “भाऊ, सिंपल आहे. एक छोटा व्हिडिओ टाक. बोल की रेडर लाइनबाहेर गेला वाटलं म्हणून हात दाद मागायला वर केला होता, पंचांनी चुकीचा अर्थ घेतला. बस. तुझं नाव लिस्टमध्ये राहील, बाकी मी बघतो.” पोरगा म्हणाला, विचार करून सांगतो. करंजाड्याला फ्लॅट बुक केलाय, त्याचे हप्ते या कराराच्या भरवशावर आहेत, त्याचं लग्न त्या फ्लॅटच्या भरवशावर आहे. एकदा लीगमधून सोडलेल्या कॉर्नरला दुसरं कोण घेणार, आणि तेही असा हात वर करणाऱ्याला? त्याचे बाबा तुर्भ्याच्या कंपनीत मान खाली घालून जन्मभर राबले. ते म्हणाले, टाक व्हिडिओ, काय जातंय. मीही म्हणाले, टाक. हो, मीच म्हणाले.

पोरगा म्हणाला, “आई, लागलं होतं ना पण. आणि त्या पंचाचं काय? त्याची नोकरी जाईल.”

मी म्हणाले, पंचाचं पंच बघेल. आणि हे वाक्य माझ्या तोंडातून गेलं तेव्हा मी ज्या टोपात डाळ ढवळत होते, तो तुझा टोप होता.

आठवतो का तुला? उरणच्या बाजूला आपल्या मैदानावरची ती फायनल. मी फ्रॉकमध्ये, आईच्या मांडीवर बसून बघतेय. पहिलं बक्षीस टेबलफॅन, तो लाल रिबीन बांधून टेबलावर ठेवलेला, आणि आईची नजर खेळावर कमी आणि फॅनवर जास्त. मिठागराच्या उन्हातून तू घरी यायचास तेव्हा ती सुपाने वारा घालायची, म्हणून तिला तो हवा होता, तुझ्यासाठीच. आणि तू, संघाचा कॅप्टन, शेवटच्या मिनिटाला कुणालाही न दिसलेल्या स्पर्शासाठी हात वर करून बाहेर आलास. आपल्याला दुसरं बक्षीस मिळालं, हा भलामोठा स्टीलचा टोप, त्याच्या काठावर मंडळाचं नाव आणि खाली “उपविजेता”. पुढे कित्येक उन्हाळे आई पदराने वारा घेता घेता एवढंच म्हणायची, “पंचानं बघला नव्हता.” तू खाली मान घालून जेवायचास. मला हसू यायचं तेव्हा. आज नाही येत.

पण तुझ्या बाबतीत पुढे काय झालं? गावाने चार दिवस शिव्या घातल्या आणि पाचव्या दिवसापासून आजूबाजूच्या साऱ्या गावांतून तुला पंच म्हणून बोलावणी यायला लागली. दोन्ही संघ म्हणायचे, हाच पाहिजे. भांडणं मिटवायला तू, मंडळाच्या वादात तू. हात वर केल्याने तुझी किंमत वाढली, बाबा. माझ्या पोराची उतरली. हे तू त्याला सांगितलं नव्हतंस. तू त्याला त्याच मैदानात उभा करून शिकवलंस, तेव्हा आजूबाजूला माणसं अशी होती की हात वर करणाऱ्याला ओळखायची. त्या मैदानावर आता कंटेनर एकावर एक रचलेत. तुला ठाऊक नसेल, ठाऊक असून तरी तू काय करणार होतास म्हणा.

मला तो दिवस स्वच्छ आठवतो. तो पहिलीत असेल. मोठ्या पोरांमध्ये खेळत होता, त्याला चढाईवाल्याचा हात लागला आणि तो नाही-नाही करत मैदानात अडून बसला. तू ओरडला नाहीस. खेळ थांबवलास, त्याच्यासमोर उकिडवा बसलास आणि त्याच्या छातीवर बोट ठेवलंस. “पंचाचं डोलं पंचाजवल. तुझ्या आंगाला ठावं हाय ना? मंग हात वर करायचा न भायेर जायचा.” तो रडत बाहेर गेला. मी तुला घरी येताना म्हणाले, एवढासा आहे, जाऊ द्यायचं होतंस. तू म्हणालास, एवढासा हाय तवाच. तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. आज राग येतो. दोन्ही खरंच आहे आणि दोन्हीचं काय करायचं ते मला कळत नाही.

मालक हात वर न करणारा खेळाडू मागतो, ते मला समजतं, त्याचा धंदा आहे. पण त्याला हरलेला गुण परत नकोच आहे. त्याला हवंय की पोराने स्वतःचं खरं बोलणं स्वतःच्या तोंडाने खोटं पाडावं आणि दोष एका बिचाऱ्या पंचाच्या माथी मारावा. माझ्या बापाने आयुष्यभर ज्या जागेवर उभं राहून शिट्टी वाजवली, त्या जागेवरच्या माणसाच्या. आणि मी, तुझी मुलगी, डाळ ढवळता ढवळता म्हणाले, टाक.

आज जेवताना पोरगा म्हणाला, “आई, तू सांग. तू सांगशील तसं करतो. खरंच. पण विचार करून सांग, मी चहाला येतो तोवर.” आणि किट उचलून गेला. अशा पेचात तू मला कधी टाकलं नव्हतंस. तू स्वतःच हात वर करून मोकळा व्हायचास, आणि आई सुपाने वारा घालायची.

हे पत्र मी कुठे टाकणार? कंटेनरच्या राशीत? घडी करून ठेवीन कुठेतरी, नाहीतर चहाच्या आधी फाडून टाकीन. पण फाडायच्या आधी तुला एक सांगायचं राहिलंय, आणि हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी तो मॅटवर झेपावला तेव्हा त्याचा डावा खांदा कसा थबकला ते मी बघितलं. मला कळलं, लागलं. हॉलमध्ये सगळे ओरडत होते, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे होती, मी एकटी त्यांच्या पाठीमागे दारात. आणि टीव्हीवर त्याचा हात वर गेला त्याच्या आधी, बाबा, कणकेने भरलेला माझा हात वर गेला होता.