सुनेचं सिव्हिल

वडूज,
शुक्रवार

चि. चांदसाहेब यास झुबेदाआपाचा सलाम आणि दुआ. तुझे गुडघे, तुझ्या बायकोची साखर आणि तुझ्या सुनेची जीभ, तिन्हींना थोडा आराम पडला असेल असं धरून चालते. माझी तब्येत विचारू नकोस, विचारलीस तर सांगावी लागेल. फोनच करणार होते, पण तुमच्याकडं फोन तुझी सून सबा उचलते आणि स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसते, मग माझ्या घरातलं तुमच्या अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून कागद. माझी शाळा चौथीपर्यंतच. कुठं वेलांटी चुकली तर तू दुरुस्त करून घे. तू सातवीला दोनदा बसलास, तुझा अभ्यास जास्त.

गोष्ट अशी की आमच्या अल्फियाला एकोणचाळिसाव्या वर्षी इंजिनिअर व्हायचं आहे. दहावी झालेली आहे, त्यावर तीन वर्षांचा डिप्लोमा असतो, आणि त्याला वयाची अट नाही म्हणे. (बाईला कशाकशाला वयाची अट असते हे सरकारला कुणी सांगितलं नसेल.) मी म्हटलं, बाई, वर्गातली पोरं तुला मावशी म्हणतील, मास्तर मॅडम म्हणतील, आणि परीक्षेला शिपाई म्हणेल, पालकांनी बाहेर थांबा. तर म्हणते, "थांबीन की अम्मी. पेपर बाहेर आणून द्या म्हणीन." ही माझी सून. तोंडाला तोंड देते आणि भाकरी थापायची थांबत नाही, त्यामुळं धड ओरडताही येत नाही.

मग निघालं ब्रँचचं. ब्रँच निवडणं म्हणजे स्थळ बघणंच. ज्यांनी आजवर आमच्या घरी पाणी प्यायला पाय ठेवला नव्हता, त्यांनाही मत फुटलं. पुतण्या अजमल (तोच, ज्याचं मोटरसायकलचं गॅरेज आहे आणि ज्याची स्वतःची गाडी ढकलून सुरू होते) म्हणाला, मेकॅनिकल नको, बायकांचे हात काळे होतात. भांडी घासून काय गोरे होतात? शेजारची चंद्राबाई म्हणाली, इलेक्ट्रिकल नको, शॉक बसतो. कॉम्प्युटर घे, असं मात्र सगळेच म्हणाले. का, तर सावलीतलं काम, साडी मळत नाही आणि घरातल्या घरात करता येतं. म्हणजे शिकूनसुद्धा बाई उंबऱ्याबाहेर पडायला नको. स्थळ म्हणून कॉम्प्युटर वाईट नाही, एवढंच की तो दिवसभर काय करतो हे त्याच्याशी नांदणाऱ्यालाही सांगता येत नाही.

अल्फियानं सगळ्यांचं ऐकलं, सगळ्यांना चहा दिला, आणि मोबाइलवर पसंती भरायच्या होत्या तिथं पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकच भरलं, सिव्हिल. मी विचारलं, का गं? तर मोरीकडं बोट दाखवलं. तुला आमची मोरी ठाऊक आहे. मोहसीननं, माझ्या पोटच्या गवंड्यानं, हे घर स्वतः बांधलं, आणि मोरीचा उतार असा काढला की पाणी बाहेर न जाता ओट्याकडं येतं. जिना मात्र बाहेरून काढला, सरळ रस्त्यावर. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. त्याच जिन्यानं एक दिवस शिरवळला कामाला म्हणून उतरला आणि तिथं दुसरं घर करून बसला. इथं ही लग्न झाल्यापासून फडकं मारते आहे. "ते पाणी उलटं का येतं, एवढं तरी शिकू द्या," म्हणाली. मला लय राग आला, मी मोरीतली बादली आपटली.

नंबर लागला तुमच्या सांगलीच्या कॉलेजात. अजमलनं गॅरेजवर सांगून टाकलं, "अल्फियाभाभीचं सांगलीला सिव्हिलला ॲडमिशन झालं." आता आपल्या भागात सिव्हिल म्हणजे काय, तूच सांग. सरकारी दवाखाना, आणि तोही इथल्या डॉक्टरनं हात टेकल्यावर. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, झुबेदाच्या सुनेला सांगलीला नेली, काय खरं न्हाई. दुसऱ्या दिवशी माणसं सुरू. नवऱ्यानं टाकली तेव्हा हिच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं, मरते म्हटल्यावर दारात चपला मावेनात. चंद्राबाई शहाळं घेऊन आली, तर पेशंट ओट्याशी उभा राहून कणीक मळतोय. "आगं, तू तर धडधाकट हायस की," म्हणाली. त्यात आनंद मला तरी ऐकू आला नाही. शहाळं परत घेऊन गेली.

मोहसीनही आला, चार वर्षांनी. शिरवळपासून रडवेलं तोंड धरून आणलेलं, ते त्याला लवकर सोडता येईना.

"काय झालंय तुला?"

"सिव्हिल," ही म्हणाली. "इंजिनिअरिंगचं."

हसला, जेवला, दुसऱ्यांदा भात घेतला, आणि हात धुताना खरं ते बोलला. शिरवळच्या बाईला मूल झालंय, घरात करणारं कुणी नाही. अल्फिया धडधाकट आहेच, तर रविवारी गाडी घेऊन येतो, तिनं तिकडं येऊन राहावं. कॉलेजचं खूळ पुढं बघू. (एवढ्यात त्याच्या हाताचं पाणी ओट्याकडं आलं. त्यानं पाय उचलला.) अल्फिया उठली. फडकं घेतलं. कॉलेजात कागद दाखवून नाव पक्कं करायची मुदत उद्या, शनिवारी संपते.

माझं मत म्हणशील तर ही बाई हट्टी आहे, भाकरी जाड करते, मीठ कमी घालते. हिनं कधी पूल बांधला तर मी नदीतून जाईन, पण पुलावरून जाणार नाही. असल्या बाईला सवतीचं पोर सांभाळणंच शोभतं, असं चार लोक म्हणतात, आणि चार लोकांपुढं मी काय बोलणार. घरातल्या लहानथोरांना सलाम.

तुझी थोरली बहीण,
झुबेदा

ता. क. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. आणून देणारी अल्फियाच आहे. तिला दारात उभी करून वाचत बसला असशील तर आधी आत घे. माडीवरची खोली रिकामी कर, तीन वर्षं राहील. उद्या सकाळी कॉलेजात तिच्याबरोबर जा. सबाला सांग, ही पाहुणी नाही आणि मोलकरीणही नाही, विद्यार्थिनी आहे. विद्यार्थ्यांना काम सांगायचं नसतं, नुसतं ओरडायचं असतं.

आणखी एक. पाकीट चिकटवलेलं नाही. ती एसटीत वाचणार, म्हणून वर तसं लिहिलं. चांगलं लिहिलं असतं तर रडली असती आणि विट्याला उतरून माघारी आली असती. हेही वाचेलच, पण माझं अक्षर लागायला वेळ लागतो. इथपर्यंत येईतो विटा मागं पडलेला असेल, आणि काढलेलं तिकीट फुकट घालवणारी बाई ती नव्हे. भाकरी जाड नसते.

शेवटचं. रविवारी मोहसीनची गाडी रिकामी जायला नको, म्हणून मी बसणार आहे. घरात करणारं कुणी नाही म्हणतो ना, आई आहे की. माझं गाठोडं बांधून झालंय, पण त्यात साडी एकच घेतली आहे. तेवढ्यात माझ्या तोंडाला कंटाळून तोच मला वडूजला आणून सोडेल.